जिद्दा, पाच तास

टरबूज चिरणं हे गयासचं काम. रमजान उन्हाळ्यात आला की दुकानाचं शटर लवकर ओढायचं, शहागंजातून एक टरबूज काखोटीला मारून आणायचं आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानीआधी अंगणात बसून त्याच्या फोडी करायच्या, हा नेम त्याने कुणी न सांगता स्वतःकडे घेतला होता. दिवसभर लोकांची बंद पडलेली फ्रिजं दुरुस्त करणाऱ्या माणसाला संध्याकाळी एक तरी धड गार वस्तू हाताला लागावी, असं काहीतरी त्यामागे असेल. त्या दिवशीही तो चिरतच होता. कूलरचा ओला वास दारातून बाहेर येत होता. खाटेवर अब्बा, म्हणजे कमरोद्दीन, तसबीहचे मणी ओढत बसले होते; पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, ऐकू कमी यायचं, पण नको ते बरोबर ऐकू यायचं. फहमिदा, गयासची मुलगी, रविवारी जिद्दाला नवऱ्याकडे निघणार होती. म्हणून भिंतीपलीकडच्या आवडाबाई तिच्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घेऊन आल्या होत्या. नवाबपुऱ्यात ही दोन घरं इतक्या वर्षांची शेजारी, की मधली भिंत कुणाची हा प्रश्न दोन्हीकडच्यांनी कधीच सोडून दिला होता.

"किती लांब हाय गं ते तुझं जिद्दा?" आवडाबाईंनी विचारलं.

फहमिदाने मोबाइल काढला. हल्लीच्या पोरांना कुणी काही विचारलं की आधी बोटं हलतात, मग तोंड. "आपल्या इथून सरळ गेलं तर पावणेचार हजार किलोमीटर, आजी. विमानाला पाच तास."

"पाचच तास?" आवडाबाई म्हणाल्या. पुडी अजून त्यांच्या हातातच होती. "अन् माझी भाभी, तुझी दादी, त्या पाच तासापायी उपाशी बसून गेली की गं. माझ्याच ओट्यावर. मी नुसतं खा म्हणलं असतं तरी खाल्लं असतं तिनं."

सुरी टरबुजात अर्ध्यावर थांबली. आवडाबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण तोवर जे जायचं ते गेलं होतं. फहमिदा एकदा वडिलांकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिली. अब्बांच्या हातातली तसबीह थांबली होती.

"काकी, काय म्हणलात?" गयासने विचारलं.

"काय नाय रे. म्हातारपणी तोंड चालतं उगं."

"सांगा."

आवडाबाईंनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा भिंतीकडे पाहत होते. ते नको म्हणाले असते तर त्या उठून गेल्या असत्या, आणि न बोलता आणखी काही वर्षं सहज निघाली असती. पण अब्बांची नजर भिंतीवरून हलली नाही. तेव्हा त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि सांगू लागल्या. तू कामाला जिद्दाला गेलास त्या दिवशी, म्हणाल्या, मुंबईहून तुझा फोन आला आमच्याकडं. आमच्या ह्यांनी, नानासाहेबांनी, भिंतीवरून हाक मारली, तुझी आई पळत आली. फोन ठिवला अन् मला म्हणती, आवडाबाई, आज गयासचा रोजा लई मोठा हाय. जहाज, म्हंजे इमान, सूर्याच्या मागंमागं जातंय, सूर्य बुडतच नाय. "मग अजान झाली तुमची. मी तांब्याभर पाणी घेऊन आले. ती म्हणली, गयास का अबी खुला नहीं. मी तांब्या मागं नेला." आवडाबाईंनी पुडी या हातातून त्या हातात घेतली. "आमची चतुर्थी चंद्र बघितल्याबिगर सुटत नाय रे. अन् गावागावाचा चंद्र येगळा असतोय, कॅलेंडरात लिहिल्यालं असतंय, मुंबईचा येगळा, नागपूरचा येगळा. मला वाटलं, तुमच्यातबी तसंच आसंल. लेकाच्या गावचा सूर्य धरायचा. मला काय म्हाईत? मी म्हणलं, दुसऱ्याच्या उपासात आपुन कशाला बोट घालावं. ती बसली ओट्यावर, दारातल्या फोनपाशी. घाम फुटला तर मी म्हणलं उकाडा हाय, पदरानं वारा घातला. बोलताना जीभ जड झाली तर म्हणलं दिवसभराची उपाशी हाय. मग पडलीच. साखर वाढली म्हणून तुला सांगितलं ना, ते खोटं. वाढली नव्हती, उतरली व्हती. सकाळी साखरेची गोळी घेतलेली अन् पोटात काय नाय. तुला सांगू नका म्हणून तुझ्या बापानं हात जोडले आम्हा दोघांना." त्या उठल्या. पुडी फहमिदाच्या हातात दिली आणि अब्बांना म्हणाल्या, "भाईसाब, माफ करा. तोंडातून गेलं."

"जाने दो बाई," अब्बा म्हणाले. "कभी ना कभी जानाच था."

त्या गेल्या. दाराची कडी वाजली. अजानीला अजून वेळ होता. फहमिदा आत आईला मदत करायला निघून गेली. तिला कळलं होतं की इथे आपण नको. गयासने सुरी ओढून फोड पूर्ण केली. एक फोड झाली, दुसरी झाली. हात नेमाने चालत होते आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं, याचं त्याला नवल वाटलं. टरबुजाचं पाणी परातीत साचत होतं. काळ्या बिया त्या लाल पाण्यात इकडून तिकडे सरकत होत्या. तीस वर्षं, त्याच्या मनात आलं. तीस वर्षं या गल्लीत मी येतोय जातोय, काकींच्या ओट्यावरून जातोय, त्यांचा फ्रिज तीनदा दुरुस्त केला, तिथे बसून चहा प्यायलो, आणि तो ओटा मला काही बोलला नाही. ओट्याला काय बोलायचं होतं म्हणा. त्याला रडू आलं नव्हतं. रडू आलं असतं तर सोपं होतं. आईसाठी रडायला हरकत नसते, तिच्यासाठी तर तीस वर्षांपूर्वीच रडून झालं होतं, जिद्दाच्या त्या आठ माणसांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, खुलताबादच्या एका पोराने पाठीवर हात ठेवलेला असताना. आजचं दुःख वेगळं होतं. आवडाबाईंना ते माहीत नव्हतं, अब्बांना माहीत नव्हतं, जगात कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी गयासचा रोजा नव्हताच.

मुंबईच्या विमानतळाबाहेर, भर दुपारी, त्याने ब्रेड-ऑम्लेट खाल्लं होतं. एजंटाच्या खोलीत दोन दिवस काढलेली सगळी पोरं खात होती, तोही खात होता. पहिल्यांदा घर सोडलेलं तेवीस वर्षांचं पोर ते, मोकळ्या रस्त्यावर उभं राहून खाताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं होतं आणि मजाही आली होती. खरं तर चोरी कसली. प्रवाशाला रोजा माफच असतो, नंतर भरून काढता येतो, हे त्यालाही ठाऊक होतं. तेल लागलेल्या बोटांनीच त्याने फोनच्या टपरीतून नंबर फिरवला. काकींच्या नवऱ्याचा, नानासाहेबांचा आवाज आला, मग भिंतीवरून मारलेली हाक लांबून ऐकू आली, मग पावलं, मग अम्मीचा दम लागलेला आवाज. सगळ्यात आधी तिने काय विचारावं? पासपोर्ट घेतला का नाही, जेवलास का नाही? तसलं काही नाही. "रोजा है ना बेटा?" आणि तो म्हणाला, "है अम्मी." एवढंच म्हणून थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं बोललेल्या माणसाला गप्प बसवत नाही. समोरच्याने आणखी काही विचारायच्या आत तो स्वतःच त्यावर मीठमसाला घालतो. त्या खुलताबादच्या पोराकडून, जो आधी एकदा जाऊन आला होता, सकाळीच ऐकलेली गोष्ट त्याने अम्मीला ऐकवली. अम्मी, जहाज पश्चिमेला जातं, सूर्याच्या मागे मागे. तुमच्याकडे अजान होऊन जाईल, तरी आमच्या खिडकीत ऊनच असेल. आज माझा रोजा तुझ्यापेक्षा मोठा. अम्मी हसली. ते हसू त्याला अजून ऐकू यायचं. इतकी वर्षं आईची आठवण म्हणून त्याने जपलं ते हेच हसू होतं. "हौ क्या? इत्ता बडा रोजा मेरे बच्चे का?" ती म्हणाली होती. मग म्हणाली, "रोजा खोले बाद मेरे को फोन कर." त्याला वाटलं, आयांचं नेहमीचं असतं तसं. पोचल्यावर फोन कर, जेवल्यावर फोन कर. तो हो म्हणाला आणि फोन ठेवला. त्या वाक्यात काय होतं ते त्याला आज, टरबूज चिरताना कळलं.

तिने खजूर दिले होते. घरून निघताना, तिच्या निळ्या काठाच्या रुमालात बांधून. तो हसला होता, अम्मी, जिद्दाला कुणी खजूर घेऊन जातं का, तिथे तर झाडंच खजुराची. तिथले तिथं, ती म्हणाली होती, हे घरचे. जहाजात रोजा खोलायची वेळ आली तर कुणापुढे हात पसरू नको. तो रुमाल त्याने विमानात समोरच्या सीटच्या जाळीत खुपसला. मग जेवण आलं. कोंबडीचा तुकडा, भात, एक गोड काहीतरी, आणि पाव इतका मऊ की त्याने आणखी एक मागून घेतला. शेजाऱ्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. ते त्याच्या मांडीवरच्या ताटलीत पडलं होतं, चांदीच्या कागदावर चमकत होतं, आणि खाताना तो डोळे बारीक करत होता. नवाबपुऱ्यात तेव्हा अजान झाली असेल. काकी तांब्या घेऊन आल्या असतील. तांब्या परत गेला असेल. इकडे तो पोटभर खाऊन झोपला. सूर्य बुडाला तो त्याने बघितलासुद्धा नाही. ज्या सूर्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवून एक बाई पाणी परत पाठवते, तो बघायला तरी त्याने जागं राहायला हवं होतं की नाही? उतरायच्या गडबडीत रुमाल जाळीतच राहिला. हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं, तेव्हा त्याला फक्त रुमालाचं वाईट वाटलं होतं.

आणि फोन? फोन त्याने केलाच नाही. विमानतळावर कंपनीच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, बसमध्ये कोंबलं, खोलीवर नेलं. खोलीखाली फोनच्या टपऱ्या होत्या, पण रांग होती. उद्या करू, तो स्वतःला म्हणाला. अम्मी काय, झोपली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी रांगेत उभं राहून केला, तेव्हा नानासाहेबांनी उचलला आणि म्हणाले, गयास, बाळा, मन घट्ट कर. दफन होऊनही गेलं होतं. तसंही त्याच्यासाठी थांबून काय उपयोग होता? पासपोर्ट कंपनीच्या साहेबाच्या कपाटात आणि किल्ली साहेबाच्या खिशात. पाच तासांची वाट परत यायला त्याला अडीच वर्षं लागली. आल्यावर तो थेट कबरस्तानात गेला, तोवर मातीवर गवत उगवून वाळून गेलं होतं. तिथे उभं राहूनही त्याच्या मनात हे आलं नव्हतं. साखर वाढली, त्याला सांगितलं होतं. साखर वाढते, आया मरतात, यात कुणाचा काय दोष? इतकं निर्दोष दुःख त्याच्या वाट्याला अब्बांनी मुद्दाम ठेवलं होतं.

अब्बांचं आता त्याच्या ध्यानात येऊ लागलं. लहानपणी अब्बा रोजा मशिदीत खोलायचे. घरी दस्तरखान, जेवणाची चादर, अम्मी आणि पोरांची. अब्बा मशिदीच्या हौदाजवळ दोस्तांच्या रांगेत, तिथून नमाज, मग गप्पा, मग तरावीहची रात्रीची नमाज करूनच घरी. जिद्दाहून परत आलेल्या गयासला दिसलं की अब्बा बदललेत. इफ्तारला मशिदीत जात नाहीत. घरात दस्तरखानाच्या डोक्याशी बसतात आणि अजानीचा पहिला शब्द कानावर पडताच स्वतः खायच्या आधी प्रत्येकाच्या तोंडात खजूर घालतात. त्याच्या, त्याच्या बायकोच्या, फहमिदा तान्ही होती तेव्हा तिच्या ओठांनासुद्धा लावायचे. पाहुणा आला तर पाहुण्याच्या. लोक हसायचे. गयासही हसायचा, म्हाताऱ्याला लाड सुचलेत म्हणायचा. ऐकू कमी यायला लागलं तसं अब्बा अजानीच्या आधीच हातात खजूर धरून गयासच्या तोंडाकडे बघत बसायचे, की याच्या चेहऱ्यावरून कळेल अजान झाली ते. लाड कसले. त्या संध्याकाळी घरात एक माणूस असता आणि त्याने तिच्या तोंडात एक खजूर कोंबला असता, तर ती राहिली असती, एवढं साधं गणित तो माणूस तीस वर्षं रोज संध्याकाळी सोडवत बसला होता. आणि उत्तर चुकीचं होतं, हे फक्त गयासला ठाऊक होतं. अब्बा, तुम्ही मशिदीत होतात म्हणून नाही. काकींनी तांब्या मागे नेला म्हणून नाही. ती ज्याची वाट बघत होती तो रोजा मुळात नव्हताच. एवढं सांगितलं की म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं ओझं उतरणार होतं. सांगावं? सांगावं, असं त्याने ठरवलंही. परात उचलून तो आत गेला तेव्हा ठरवलंच होतं.

दस्तरखान मांडला होता. भजी, फोडी, सरबताचा जग. फहमिदा आणि तिची आई एका बाजूला बसल्या. अब्बा भिंतीला टेकून, हातात खजूर. गयास त्यांच्यासमोर बसला. अब्बांनी त्याच्याकडे बघितलं आणि हळूच, जणू बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं हळू असतं तितपतच हळू, विचारलं.

"गयास. एक बात पूछूं?"

"पूछो अब्बा."

"उस दिन जहाज में खजूर था ना तेरे पास? उनो बांध के दिए थे वो?"

ठरवलं होतं ते सांगायला गयासने तोंड उघडलं. अब्बांचे डोळे त्याच्या ओठांवर होते, ऐकू येत नाही तेवढं बघून घ्यायला. त्या डोळ्यांत राग नव्हता, तक्रारही नव्हती. एक भीती होती. तीस वर्षं न विचारलेल्या प्रश्नाची भीती.

"हौ अब्बा. था."

"उसीच से खोला?"

"उसीच से."

"सूरज डूबने के बाद?"

"डूबने के बाद, अब्बा. मैं देख रहा था खिडकी से."

अब्बांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "तो फिर उसका रोजा जाया नहीं गया," ते म्हणाले. "मां-बेटे का साथ में था. बस. इत्ताच पूछना था मेरे को." आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला की गयासला तिकडे बघवेना. म्हाताऱ्याचं ओझं उतरलं होतं खरं, पण गयासने ठरवलं होतं त्या वाटेने नाही. तो आईशी जे बोलला होता तेच आता बापाशी बोलला, तसंच, वर खिडकीचा मसाला घालून.

अजान झाली. अब्बांना ती गयासच्या चेहऱ्यावर दिसली असावी, कारण त्यांचा हात लगेच पुढे आला. सुरकुतलेला, तसबीहच्या मण्यांनी बोटं गुळगुळीत झालेला हात. त्यांनी खजूर त्याच्या तोंडात घातला. मग सुनेच्या. मग फहमिदाच्या. मग डबा पुढे ओढला, खिशातला रुमाल काढून पसरला आणि मोठाले, मऊ खजूर वेचून त्यात ठेवू लागले.

"ये इतवार को साथ ले जा बेटा," ते फहमिदाला म्हणाले. "जहाज में रोजा खोलने को."

फहमिदाने तोंडातला घास गिळला, पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाली, "दादा, मैं उस दिन रोजा नहीं रखूंगी. सफर है ना. बाद में रख लूंगी." म्हणाली ते इतक्या सहज, की भजी पुढे कर म्हणावं तशी.

गयासने अब्बांकडे बघितलं. अब्बांनी रुमालाची एक गाठ मारली, दुसरी मारली.

"हां, फिर क्या. मुसाफिर को माफ है," ते म्हणाले, आणि रुमाल तिच्या हातात दिला. "भूख लगी तो ऐसेच खा लेना. तेरी दादी रहती तो उनो बी यहीच बोलती."

फहमिदाने रुमाल बाजूला ठेवला आणि सरबत ओतायला घेतलं. गयासच्या तोंडातला खजूर तसाच होता.